फिटच्या दोन गोळ्या आणि एक वही

डोणज्याहून एक आई दर महिन्याला माझ्या दुकानात येते. दुधाची पिशवी धुऊन वाळवलेली, तिच्यात डॉक्टरांचा घडी घालून घालून मऊ पडलेला कागद आणि कात्रीने कापलेल्या गोळ्यांच्या अर्ध्या स्ट्रिपा. मुलगा आठ वर्षांचा. मागच्या खेपेला तिने पिशवी काउंटरवर ओतली आणि म्हणाली, "काका, साहेबांनी आता दुसरी गोळी पण चालू केलीय. पहिलीबरोबरच द्यायची ना? दोन मिळून ताकद वाढेल, फिट यायचीच नाही."

खडकवासल्यात औषधाचं दुकान चालवायला लागून मला तीस वर्षं होत आली. ताकदीची ही बेरीज मी कितीतरी आईबापांच्या तोंडून ऐकली आहे. एक गोळी म्हणजे एक माणूस, दोन गोळ्या म्हणजे दोन माणसं, दोघांनी मिळून ओझं उचलायचं. फिटच्या औषधांचं असं नसतं. दुसरी गोळी पोटात गेली की पहिलीचं शरीरातलं वागणंच बदलतं. कधी दुसरी पहिलीला भराभर बाहेर घालवते, कधी तिला अडवून धरते. मूल तेच, पहिली गोळी तीच, तिची मात्राही तीच, पण रक्तातलं तिचं प्रमाण मात्र आता वेगळं असतं. ज्यांच्या घरात मुलाला फिटची दोन किंवा तीन औषधं चालू आहेत, त्यांनी एवढी गोष्ट नीट समजून घ्यावी म्हणून हे लिहितो आहे.

आपण धरणाकाठची माणसं. पावसाळ्यात सकाळी उठलं की पहिला प्रश्न, पाणी किती सोडलंय? टेमघर, वरसगाव, पानशेत, तिन्हीकडचं पाणी शेवटी आपल्या खडकवासल्यात येतं. चारही धरणं मिळून 29 टीएमसीच्या आसपास साठा, त्यात आपलं धरण 2 टीएमसीचंही नाही. पण सगळं पाणी इथूनच पुढे जातं, म्हणून दरवाजे किती उघडले यावर खाली पुण्यात नदीकाठच्या वस्त्यांची झोप अवलंबून असते. मुलाच्या रक्तातलं औषध हे असंच धरणातलं पाणी समजा. सकाळ-संध्याकाळची गोळी म्हणजे वरून येणारं पाणी. लिव्हरमधली एन्झाइम म्हणजे दरवाजे, तीच औषधाचा निचरा करतात. पातळी एका पट्ट्यात राहिली तर फिट थांबते. खाली गेली तर फिट येते. वर गेली तर मूल पेंगतं, लटपटतं, ओकतं.

फिटच्या जुन्या औषधांपैकी बरीचशी औषधं या दरवाजांनाच हात घालतात. फिनोबार्बिटोन, म्हणजे आपल्याकडे लोक ज्याला गार्डिनल म्हणतात ते, 1912 पासून फिटसाठी वापरात आहे. फिनिटोइन, म्हणजे एप्टॉइनची गोळी. आणि कार्बामाझेपीन, म्हणजे टेग्रेटॉल. ही तिन्ही औषधं लिव्हरला जास्त एन्झाइम तयार करायला लावतात. म्हणजे दरवाजे जास्त उघडतात, आणि त्यातून फक्त त्यांचंच नाही तर इतर औषधांचंही पाणी भराभर निघून जातं. व्हॅल्प्रोएट याच्या उलटं. ते काही दरवाजे दाबून धरतं, त्यामुळे शेजारच्या औषधाची पातळी चढत जाते.

यातली एक जोडी जरा सविस्तर सांगतो, कारण तिचा फरक आकड्यांत दिसतो. लॅमोट्रिजीन नावाचं औषध आहे. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला ते एप्टॉइन किंवा टेग्रेटॉलसारख्या औषधाबरोबर दिलं, तर रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 7 तास लागतात. त्याच वयाच्या मुलाला तेच औषध व्हॅल्प्रोएटबरोबर दिलं, तर साधारण 66 तास लागतात. सात तास कुठे आणि पावणेतीन दिवस कुठे! म्हणून डॉक्टर व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलाला लॅमोट्रिजीन सुरू करताना मुलाच्या दर किलो वजनामागे दिवसाला 0.15 मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात, आणि दरवाजे उघडणारं औषध चालू असलेल्या मुलाला 0.6 पासून. चौपट फरक. शेजारच्या घरातल्या मुलाची मात्रा बघून आपल्या मुलाची वाढवायची नाही ती यासाठी. घाईने वाढवलेल्या लॅमोट्रिजीनमुळे अंगावर पुरळ येतं. ते तोंडाच्या आत, डोळ्यांत पसरलं तर जिवावर बेततं. डॉक्टर हे औषध दर दोन आठवड्यांनी चिमूट-चिमूट वाढवतात, तेव्हा पालकांना वाटतं साहेब चालढकल करताहेत. ती चालढकल नसते, मुलाची काळजी असते. अशा मुलाच्या अंगावर पुरळ दिसलं तर घामोळं म्हणून पावडर लावत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

गार्डिनल चालू असलेल्या मुलाला व्हॅल्प्रोएट जोडलं तर गार्डिनलची पातळी वर सरकते, आणि शाळेतून चिठ्ठी येते की मूल वर्गात झोपतं. टेग्रेटॉलला व्हॅल्प्रोएट जोडलं तर आणखी वेगळा गुंता होतो. टेग्रेटॉल शरीरात मोडताना त्यापासून एक मधला पदार्थ तयार होतो, त्याचा निचरा व्हॅल्प्रोएट अडवतं. रक्त तपासलं तर टेग्रेटॉलची पातळी अगदी ठीक दिसते, आणि मुलाला मात्र एकाचे दोन दिसत असतात, चालताना तोल जात असतो. आई म्हणते काहीतरी चुकतंय, रिपोर्ट म्हणतो सगळं बरोबर आहे. अशा वेळी आईचं ऐकलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

एप्टॉइनचा स्वभाव या सगळ्यांत अवघड. त्याचे दरवाजे ठरावीक मापापर्यंतच पाणी सोडतात. त्या मापापर्यंत मात्रा वाढवली की पातळी बेताने वाढते, पण एकदा दरवाजे पूर्ण उघडे असले की वरून आलेलं थोडंसं पाणीही धरणातच चढत राहतं. डॉक्टरांनी अर्धी गोळी वाढवली, आईने चांगल्या मनाने पूर्ण दिली, आणि आठवड्याभरात मूल उभं राहीना, असं या औषधाच्या बाबतीत होऊ शकतं. त्यात व्हॅल्प्रोएट जोडलेलं असेल तर रक्ताचा साधा रिपोर्टही फसवतो. एप्टॉइनचा साधारण 90 टक्के भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो, काम करतो तो सुटा भाग. व्हॅल्प्रोएट त्या जागा बळकावतं, सुटा भाग वाढतो, आणि एकूण आकडा मात्र कमी दिसतो. तो कमी आकडा पाहून कुणी मात्रा वाढवली की झालं.

आता मुलांचं. मूल म्हणजे लहान माणूस, म्हणून औषध लहान, एवढंच आपल्याला वाटतं. तसं नाही. नवजात बाळाचं लिव्हर संथ असतं, औषध त्याच्या अंगात रेंगाळतं. पण पुढे वर्ष-दोन वर्षांपासून दहा-बारा वर्षांपर्यंत लिव्हरचा वेग इतका असतो की वजनाच्या हिशेबाने मुलाला मोठ्या माणसापेक्षा जास्त मात्रा लागते. धरण लहान, पण दरवाजे मोठे. अशा मुलाला दरवाजे उघडणारं औषध जोडलं तर निचरा आणखी वाढतो. दिवसातून दोनदा दिलेलं व्हॅल्प्रोएट मग पहाटेपर्यंत पुरत नाही, आणि फिट नेमकी पहाटे येते. पुढे मूल वयात येऊ लागलं की हाच वेग हळूहळू ओसरतो, तोवर वजनही वाढलेलं असतं. सहावीत ठरवलेली मात्रा दहावीपर्यंत तशीच ठेवायची नसते. मी असे कागद पाहिले आहेत, ज्यांवर तीन-तीन वर्षांत एक आकडा बदललेला नाही आणि पालक दर महिन्याला तेवढंच घेऊन जातात, कारण दाखवायला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. त्यांचं चुकतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तरी सांगतो, वर्षातून निदान दोनदा मुलाचं वजन करून डॉक्टरांना दाखवा.

दोन वर्षांखालच्या बाळांबद्दल एक गोष्ट मला जपून सांगायची आहे. अमेरिकेत 1987 साली ड्रायफस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हॅल्प्रोएटमुळे लिव्हर निकामी होऊन झालेल्या मृत्यूंचा हिशेब मांडला. हे औषध एकटं घेणाऱ्यांत असं साधारण 37,000 मध्ये एकाला झालं होतं. पण दोन वर्षांखालच्या, सोबत फिटचं दुसरं औषधही चालू असलेल्या बाळांत 500 मध्ये एकाला. एकाच औषधाचे हे दोन आकडे, आणि दोन्हींमधलं अंतर केवढं! हे वाचून कुणी व्हॅल्प्रोएट बंद करायला धावू नका, एकदम बंद केलं तर थांबायचं नाव न घेणारी फिट येऊ शकते. एवढंच लक्षात ठेवा, की तान्ह्या बाळाला ही जोडी चालू असेल आणि बाळ अचानक दूध घेईना, सारखं ओकू लागलं, मलूल पडलं, डोळे पिवळे दिसू लागले, तर ते साधं पोट बिघडलंय असं धरून घरी थांबायचं नाही.

औषध जोडताना जेवढी काळजी, तेवढीच काढतानाही लागते. ही गोष्ट मला सगळ्यात कमी ऐकू येते. टेग्रेटॉल आणि लॅमोट्रिजीन दोन्ही घेणाऱ्या मुलाच्या फिट्स थांबल्या, डॉक्टरांनी टेग्रेटॉल हळूहळू कमी करायला सांगितलं. ते कमी होतं तसे दरवाजे मिटू लागतात, एका दिवसात नाही, दोन-तीन आठवडे घेऊन. लॅमोट्रिजीनच्या गोळीला कुणी हात लावलेला नसतो, पण तिची पातळी चढत जाते. औषध कमी केलं आणि मूल जास्त पेंगायला लागलं, हे ऐकून पालक गोंधळतात. उलट व्हॅल्प्रोएट काढलं तर लॅमोट्रिजीनची पातळी उतरते आणि बंद झालेली फिट परत येते. औषध सुरू करतानाही असा काळ असतो. टेग्रेटॉल तर स्वतःचाच निचरा वाढवतं. पहिल्या आठवड्यात जेवढ्या गोळीने मूल गुंगतं, तेवढीच गोळी तीन ते पाच आठवड्यांनी अपुरी पडू लागते. बदल झाला की पुढचा महिना-दीड महिना जागं राहायचं. हा बदल कसला का असेना, गोळी वाढली, घटली, जोडली, काढली, तरी.

इथे माझ्या स्वतःच्या हातून झालेली गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची आहे, पण मनातून जात नाही. एक मुलगी, सहा-सात वर्षांची. टेग्रेटॉलचं पातळ औषध माझ्याकडूनच जायचं. पावसाळ्यात घसा धरला, ताप आला, म्हणून जवळच्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिनचं सिरप लिहून दिलं. वडील कागद घेऊन आले. मी सिरप काढलं, पाच दिवसांचं माप समजावलं, पैसे घेतले. चौथ्या दिवशी ते परत आले, मुलगी चालताना भिंतीला धरत होती आणि सारखी ओकत होती. क्लॅरिथ्रोमायसिन टेग्रेटॉलचे दरवाजे बंद करतं, हे मला माहीत होतं. कॉलेजात शिकलो होतो. पण घशाचा कागद हातात होता तेव्हा फिटचा कागद माझ्या डोळ्यांपुढे नव्हता. दोन्ही बाटल्या माझ्याच हातून गेल्या होत्या. त्यांना तसंच शहरात पाठवलं, मुलगी दोन दिवसांत सावरली. त्या दिवसापासून दुकानात माझा एक प्रश्न ठरलेला आहे, मुलाला आणखी कसली औषधं चालू आहेत? तुम्हाला कुठल्याही दुकानदाराने, डॉक्टरने, नर्सबाईंनी हा प्रश्न विचारला नाही, तर तुम्ही आपणहून सांगा. लाजू नका. फिट हा लपवण्यासारखा आजार नाही, आणि लपवला तर असा घोळ होतो.

बाहेरच्या औषधांची यादी मोठी आहे, सगळी पाठ करायची गरज नाही. काही मात्र आपल्याकडे वारंवार लागतात. टीबीचं रिफॅम्पिसिन फिटच्या अनेक औषधांची पातळी पाडतं, आणि टीबीचंच आयसोनायझिड एप्टॉइन आणि टेग्रेटॉलची पातळी चढवतं. टीबीचा उपचार सुरू होताना फिटच्या डॉक्टरांना कळलंच पाहिजे. मेंदूत जंताची गाठ आढळली की अल्बेंडाझोल देतात, त्याचा परिणाम एप्टॉइन, टेग्रेटॉल, गार्डिनल कमी करतात. मूल मोठ्या आजाराने दवाखान्यात दाखल असताना मेरोपेनेमचं इंजेक्शन दिलं, तर व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत कोसळते. आयसीयूच्या दारात उभ्या असलेल्या बापाला कोण हे विचारणार? पण "माझ्या मुलाला व्हॅल्प्रोएट चालू आहे" हे एक वाक्य त्याने तिथल्या प्रत्येकाला सांगितलं तर ते पुरे आहे.

आणि आता घरातलं. माझ्या काउंटरवर दर परीक्षेच्या हंगामात बुद्धी वाढवणारं म्हणून शंखपुष्पीचं सिरप मागतात, आणि फिट येणाऱ्या मुलासाठी आजी ते हमखास मागवते. मुंबईच्या केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी 1992 साली याच गोष्टीवर काम प्रसिद्ध केलं. एप्टॉइनचंच औषध, म्हणजे फिनिटोइन, घेणाऱ्या दोन रुग्णांच्या आटोक्यात असलेल्या फिट्स पुन्हा येऊ लागल्या, तपासल्यावर रक्तातलं प्रमाण घटलेलं निघालं, आणि दोघंही सोबत शंखपुष्पीचं आयुर्वेदिक औषध घेत होते. पुढे उंदरांवर प्रयोग केला, तिथेही तेच दिसलं. उलट मिरी आणि पिंपळीतल्या पायपेरीनने फिनिटोइनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, असंही भारतातल्याच अभ्यासांत आढळलं आहे. आमटीतल्या चिमूटभर मिरपुडीची धास्ती घेऊ नका, पण रोज नेमाने मिरी-पिंपळी असलेल्या त्रिकटूचं चाटण सुरू करायचं असेल तर आधी विचारा. आयुर्वेदाला मी कमी लेखत नाही, माझ्या घरातही काढे होतात. जे औषध काम करतं, ते दुसऱ्या औषधाच्या कामातही हात घालू शकतं, एवढंच माझं म्हणणं.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, मग दोन औषधं देतातच कशाला? बहुतेक मुलांना एकच पुरतं. वेळेवर आणि योग्य उपचार मिळाले तर दहापैकी सात जणांच्या फिट्स औषधांनी थांबू शकतात. डॉक्टर आधी एक औषध पूर्ण मात्रेपर्यंत नेऊन पाहतात, मग दुसरं, आणि तरीही नाही जमलं तरच जोडी. काही मुलांना जोडीशिवाय गत्यंतर नसतं, आणि जोडी नीट बसली की तीच मुलं शाळेत जातात, सायकल चालवतात. लेव्हेटिरासेटामसारखी नंतर आलेली काही औषधं लिव्हरच्या या दरवाजांशी फारशी खेळत नाहीत, बरीचशी लघवीवाटे निघून जातात, म्हणून जोडीत हल्ली ती जास्त दिसतात. तुमच्या मुलाला कुठली जोडी बसेल हे मी सांगणार नाही, कुणा दुकानदाराने सांगूही नये. तुम्ही डॉक्टरांना एक प्रश्न मात्र विचारू शकता, "साहेब, ही नवी गोळी जुनीचं काय करेल?" हा प्रश्न विचारणं म्हणजे उलटून बोलणं नाही.

त्यासाठी एक वही करा. शंभर पानी, शाळेची. पहिल्या पानावर मुलाचं वजन तारखेसह, आणि चालू औषधांची नावं, डब्यावर असतील तशी, मिलिग्रॅमसकट. मधल्या पानांवर फिट कधी आली, किती वेळ चालली, झोपेत की जागेपणी. बदल झाला त्या दिवशी लाल पेनने ओळ. कुठलंही दुसरं औषध दिलं, मग ते घशाचं असो की शंखपुष्पी, तेही लिहायचं. शेवटच्या पानावर रक्ताचे रिपोर्ट चिकटवायचे. औषधाची पातळी तपासायला सांगितली तर रक्त बहुधा सकाळच्या गोळीच्या आधी देतात, आधीची गोळी किती वाजता दिली ते लिहून ठेवा. पातळ औषधाची बाटली दर वेळी नीट हलवा. टेग्रेटॉलसारख्या औषधाचा साका तळाशी बसतो, मग वरचं पाणचट आधी संपतं आणि महिनाअखेरीस मुलाच्या पोटात तळचं दाट जातं. घरातला चमचा वापरू नका, मापाची सिरिंज माझ्याकडे मागा, कुठल्याही मेडिकलमध्ये मागा. सावकाश विरघळणारी म्हणून दिलेली गोळी खलबत्त्यात कुटायची नाही, तिचा सगळा डाव वेळेवर असतो. आणि कंपनी बदलून तेच औषध आलं तर ती तारीखही वहीत.

औषध बदललेल्या त्या महिन्या-दीड महिन्यात मुलाला पाण्यापाशी एकटं सोडू नका. हे मी इथल्या माणसांना मुद्दाम सांगतो. रविवारी चौपाटीवर कणसं खायला जातो, पोरं बॅकवॉटरच्या काठाने उतरतात, कालव्यात पाय सोडून बसतात, विहिरीवर पोहायला जातात. ज्याची पातळी आज वर की खाली हे आपल्याला ठाऊक नाही, त्या मुलाच्या हाताला धरून मोठं माणूस हवं. फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा, कांदा, चप्पल काहीही नको, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा.

एकटं वाटत असेल तर पुण्यात यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेला "संवेदना" हा फिटच्या रुग्णांचा आणि त्यांच्या घरच्यांचा मदतगट आहे. त्या स्वतः या आजारातून गेल्या आहेत. दुसऱ्या आईने आपल्यासारखीच वही ठेवली आहे हे पाहिलं की रात्री थोडी झोप लागते.

डोणज्याच्या त्या आईला मी त्या दिवशी गोळ्या दिल्या नाहीत. आधी कागदावरच्या नंबरवर फोन लावला. पहिली गोळी पुढच्या आठवड्यापासून कमी करायची होती, ते कागदाच्या पाठीमागे लिहिलं होतं आणि घडीत झाकलं गेलं होतं. तिने दुकानाच्या पायरीवर बसून नव्या वहीच्या पहिल्या पानावर मुलाचं नाव लिहिलं, खाली वजन, मग दोन ओळी सोडल्या. म्हणाली, इथं पुढचं वजन.